एचडीएमआयला स्क्रू नसतो

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कमरेपासून वर नव्हताच. शिडीवर दोन पाय होते, एका बुटाची नाडी सुटलेली होती, आणि उरलेला माणूस फॉल्स सीलिंगच्या चौकोनी भोकात गडप झाला होता.

सकाळचे साडेदहा. प्राण्यांच्या दवाखान्याचा वेटिंग हॉल. बाहेर रिपरिप चालू होती. पाऊस पडला की मातीला सुगंध सुटतो म्हणतात. त्या हॉलमध्ये सात ओले कुत्रे होते आणि माती अजिबात नव्हती.

ती काउंटरवर बसायची. टोकन द्यायची, टोकन पुकारायची, म्हणून सगळे तिला टोकनताई म्हणायचे. टोकनं प्लॅस्टिकची होती. त्यातली चार, नऊ आणि सतरा नंबरची पेशंटांनी खाल्ली होती. सतरा तर एक्स-रेमध्ये अंकासकट दिसलं होतं. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी हात टेकले आणि स्क्रीन मागवली. काउंटरवर एक लाल बटण, ते दाबलं की स्क्रीनवर पुढचा नंबर, आणि वर एका बाईचा मंजुळ आवाज. नंबर तोंडी सांगायचा, खायला काही नाही.

ती स्क्रीन बसवायला हा आला होता.

एका गृहस्थांना आपला कुत्रा बांधायला हॉलमध्ये दुसरं काही सापडेना. त्यांनी तो शिडीला बांधला. तेवढ्यात दवाखान्याची मांजर, जिला सगळे बाईसाहेब म्हणायचे, समोरून संथपणे चालत गेली. पुढचं सांगायला नको. कुत्रा गेला, कुत्र्यामागे शिडी गेली, आणि दोन पाय हवेत तसेच राहिले.

टोकनताई उठली आणि तिने ते पाय गुडघ्यांपाशी घट्ट धरले.

"कोण आहे?" छतातून आवाज आला.

"काउंटरवाली. पाय सोडू का?"

"नको नको! मी पाइपला लोंबकळतोय..."

"मग मी अशी किती वेळ उभी राहू? मला टोकन पुकारायचंय."

"धरून पुकारा ना."

यात तथ्य होतं. तिने पाय धरूनच पुकारलं, "टोकन अकरा!" अकरा नंबरचे पोपटवाले काका पिंजरा घेऊन उठले, वर बघत म्हणाले, "यांना काय झालंय?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेले.

शिडी परत आली. तो खाली उतरला. भुवया, पापण्या, मिशी, सगळं प्लास्टरच्या धुळीने पांढरंफटक.

"थँक्यू," तो म्हणाला.

"वर गेलात तेव्हा इतकं वय होतं का तुमचं?"

त्याने घाईघाईने चेहरा पुसला. खाली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, जरा भेदरलेला, बऱ्यापैकी दिसणारा मुलगा निघाला. तिने पटकन नजर रजिस्टरवर वळवली. रजिस्टर उलटं होतं.

दुपारी काम संपलं. त्याने तिच्यापुढे एक कागद सरकवला.

"इथे सही करा."

"काय लिहिलंय?"

"'सर्व जोडण्या समजावून सांगितल्या व ग्राहकास समजल्या.'"

"पण मला कुठे समजल्या?"

"कोणालाच समजत नाहीत. सगळे सही करतात."

"मी नाही करणार. समजावा."

नोकरीच्या पाच महिन्यांत त्याला हे कोणीच म्हटलं नव्हतं. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग स्टुलावर चढला, स्क्रीनच्या पाठीला बसवलेली काळी पेटी सोडवून काढली आणि काउंटरवर, बिस्किटांच्या बरणीशेजारी ठेवली. पेटी जेमतेम वहीएवढी. तिच्या एका कडेला भोकंच भोकं. काही मुलांना गाणं येतं, काहींना गिटार येते. याला पोर्ट येत होते.

"ही पॉवर. फिरवून बसते. ओढली तरी निघत नाही."

"संशयी स्वभाव."

"ही लॅन. काढायची तर ही खिटी दाबायची. टक् असा आवाज आला म्हणजे बसली. आवाज आला नाही तर बसल्यासारखी नुसती वाटते."

"माझ्या दादाचं पहिलं लग्न असंच ठरलेलं वाटत होतं. पुढे?"

"हे यूएसबी. यात फोन चार्जिंगला लावायचा नाही."

"सगळे लावतात ना?"

"सगळे. मग आम्हाला बोलावतात."

'बोलावतात' हा शब्द तिने मनात कुठेतरी ठेवला.

"हे गोल भोक आवाजाचं. हा हिरवा कनेक्टर, यात तुमच्या बटणाच्या दोन वायरी. त्या एकमेकींना टेकल्या की पेटीला वाटतं बटण दाबलं. आणि हा सिरियल. याला दोन्ही बाजूंनी स्क्रू. एकदा आवळला की पेटी तुटेल, हा सुटणार नाही."

"आणि हे चपटं, मधलं?"

त्याचा आवाज जरासा हळुवार झाला. "ती एचडीएमआय. चित्र तिच्यातूनच जातं. सगळ्यात महत्त्वाची."

"हिचा स्क्रू कुठाय?"

"एचडीएमआयला स्क्रू नसतो."

"अगंबाई! सगळ्यात महत्त्वाची, आणि धरून कशाने राहते मग?"

"नुसती... बसलेली असते. नीट बसवली तर राहते."

"आणि कोणी ओढली तर?"

"कोण ओढणार?" तो हसून म्हणाला.

तिने सही केली. एरवी दोन सेकंदांत होणारी सही, पण त्या दिवशी तिने तीत प्रत्येक काना-मात्रा घातली. निघताना त्याने तिला फोन नंबर दिला. तक्रार विभागाचा.

नऊ दिवस स्क्रीन बिनबोभाट चालली. बटण दाबलं की नंबर, नंबर आला की मंजुळ आवाज. कुत्री आवाजाकडे मान तिरकी करून बघायची, डॉक्टरीणबाई खूश होत्या, पोपटवाले काका खूश होते. टोकनताई मात्र दिवसेंदिवस चिडत होती. इतकं चोख काम करतं का कोणी? माणसाने थोडी तरी कसर ठेवावी.

दहाव्या दिवशी, दुपारच्या सामसुमीत, ती स्टुलावर चढली. स्क्रीनच्या मागे हात घातला. पेटीची तोंडं खालच्या बाजूला होती, मधलं चपटं बोटांना लगेच लागलं. तिने दोन बोटांनी धरलं आणि अर्धा इंच ओढलं. अगदी सहज आलं. स्क्रीन काळी झाली आणि वर पांढरी अक्षरं उमटली : सिग्नल नाही.

तिने फोन लावला.

"काय दिसतंय स्क्रीनवर?" तक्रार विभागातली बाई.

"'सिग्नल नाही' असं."

"बरं. माणूस पाठवते."

"कोणता?"

"ज्याने बसवलं तोच येतो, ताई. आमच्याकडे ज्याचं त्यानेच निस्तरायचं असतं."

"वा! छान नियम आहे."

"नियम आहे खरा," बाई जरा थांबून म्हणाली, "पण छान आहे असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं."

तो दुसऱ्या दिवशी आला. स्टुलावर चढला, मागे हात घातला, आत ढकललं, उतरला. एकूण वेळ चाळीस सेकंद. त्यानंतर चहा, एकूण वेळ पन्नास मिनिटं.

आता यात एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. त्या कंपनीत सहा महिने झाले की कायम करायचं पत्र मिळायचं. त्याचे सहा महिने या महिन्याच्या एकतीस तारखेला भरत होते. आणि एकाच जागेवरून महिन्यात तीनपेक्षा जास्त तक्रारी आल्या, तर बसवणाऱ्याचं काम कच्चं समजून पत्राऐवजी नारळ मिळायचा. घरी त्याचे वडील निवृत्त होऊन बसलेले, आणि आई रोज संध्याकाळी दार उघडता उघडता विचारायची, "आला का रे कागद?"

हे त्याने टोकनताईला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

चार दिवसांनी लॅनची वायर निघाली. तो आला, टक् आवाज केला, चहा प्यायला.

"उंदीर असतील का हो?" तिने निरागसपणे विचारलं.

"असतील. शिकलेले दिसतात. लॅनची खिटी दाबल्याशिवाय निघत नाही, हे त्यांना माहीत आहे."

"हल्ली सगळेच शिकतात..."

"हो ना. कोणीतरी समजावून सांगितलं असेल."

त्याने कपातल्या चहाकडे बघत हे म्हटलं. तिने बिस्किटांची बरणी पुढे केली. बिस्किटं कुत्र्यांची होती हे दोघांच्याही दुसऱ्या बिस्किटाला लक्षात आलं. दोघांनीही ते संपवलं.

आणखी चार दिवसांनी आवाज गेला. नंबर यायचे, मंजुळ बाई मुकी. तो आला, गोल पिन आत ढकलली. आज मात्र चहा पिताना तो गप्प गप्प होता.

"काय झालं?"

"काही नाही... आता हे... म्हणजे आता या महिन्यात तरी जरा..."

"जरा काय?"

तिने त्याच्याकडे बघितलं. ती बघत असताना त्याला पुढचं वाक्य कधीच सापडत नसे. "चहा जरा... छान झालाय," तो म्हणाला.

टोकनताईच्या घरी वहिनी मशीनवर ब्लाउज शिवत होती. वहिनी तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं प्रत्येक बोलणं टोचूनच यायचं.

"काय गं, त्या तुमच्या पेटीला रोज काय दुखतं?"

"कुठे रोज? तीनदाच तर बिघडली."

"आणि तीन दिवसच तू केस धुऊन गेलीस. योगायोग हो."

"वहिनी!"

"मला काय करायचंय. पण एक सांगू? तुझ्या दादाने मला विचारायच्या आधी हीच मशीन चारदा दुरुस्त केली होती. चौथ्यांदा मीच म्हटलं, अहो, मशीन ठीक आहे, तुमचं काय ते बोला."

"मग?"

"मग काय. बोलले. मशीन तेव्हापासून बिघडलेलीच आहे, हात लावत नाहीत." वहिनीने टाचणी कापडात खुपसली. "सरळ विचार त्याला. तारा कसल्या ओढतेस?"

टोकनताईला ते पटलं. आता तारा ओढायच्या नाहीत, सरळ विचारायचं, असं तिने ठरवलं. फक्त विचारायचं तर तो समोर हवा, आणि समोर यायचा तर... म्हणून शेवटचं, अगदी शेवटचं एकदा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हिरव्या कनेक्टरमधून बटणाच्या दोन वायरी सोडवल्या. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची पावलं वाजली. तिने घाबरून वायरी कशाबशा आत कोंबल्या आणि उडी मारून काउंटरवर जाऊन बसली.

अकरा वाजता हॉल भरला, आणि कोणीतरी पंखा लावला.

पंख्याचं वारं स्क्रीनमागे गेलं. दोन उघड्या वायरी झुलल्या, टेकल्या, सुटल्या, पुन्हा टेकल्या. पेटीला वाटलं, बटण दाबतायत.

"टोकन क्रमांक एकवीस, कृपया आत या," मंजुळ बाई म्हणाली. एकवीस उठले. "टोकन क्रमांक बावीस, कृपया आत या." बावीस उठले. "तेवीस. चोवीस. पंचवीस." लोक आपला नंबर आठवायचे, स्क्रीन बघायचे आणि पळायचे. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एकाच वेळी दोन बुलडॉग, एक ससा, एक शेळी आणि पोपटवाले काका शिरले. दाराशी चेंगराचेंगरी झाली. बाईसाहेब औषधांच्या कपाटावर चढून सगळं समाधानाने बघत होत्या. "अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद."

"ताई, आमचा चौतीस," एक आजोबा कासव घेऊन काउंटरवर आले. "तो तर गेला. परत कधी येईल?"

"नऊशे नव्व्याण्णव झाले की, आजोबा..."

"थांबतो," आजोबा म्हणाले. "आम्हाला घाई नसते."

तक्रार या वेळी तिने केलीच नाही. केसात सशाचे केस, एप्रनला शेळीचं तोंड, अशा अवस्थेत डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन फिरवला आणि जे बोलल्या ते तक्रार विभागाने शब्दशः लिहून घेतलं नाही.

ती चौथी तक्रार होती.

तीन दिवसांनी तो आला, पण एकटा नाही. सोबत त्याचे साहेब होते. साहेबांच्या हातात टॉर्च, मोजपट्टी आणि पाच पानांचा फॉर्म. त्याने टोकनताईकडे बघितलं नाही. बुटाच्या टोकाकडे बघत उभा राहिला.

साहेबांनी पेटी पाहिली, वायरी पाहिल्या, हॉल पाहिला. मग त्यांची नजर कपाटावरच्या बाईसाहेबांवर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही इथेच असते?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पगारी नाही, पण असते."

साहेबांनी मांजरीचा पंजा मोजला. कपाट ते स्क्रीन हे अंतर मोजलं. मग मांजरीला उचलून स्क्रीनच्या फळीवर ठेवलं आणि दहा मिनिटं वाट बघितली. बाईसाहेब झोपल्या. साहेबांनी फॉर्मवर लिहिलं : 'संशयिताने सहकार्य केले नाही.'

"कारणासाठी चार रकाने आहेत," साहेब म्हणाले. "चुकीची जोडणी, सदोष पेटी, प्राणी, हवामान. मी 'प्राणी' लिहितो."

टोकनताईचा जीव भांड्यात पडला. मांजरीवर शेकलं, सुटलो. बाईसाहेबांना फॉर्म वाचता येत नव्हता.

"मग झालं ना, साहेब?"

"झालं कसलं? प्राण्यांच्या दवाखान्यात प्राणी असणार, हे बसवणाऱ्याला कळायला नको? जाळी लावली नाही त्याने. म्हणजे चूक त्याचीच. तीनपेक्षा जास्त तक्रारी. एकतीस तारखेला याला कायम व्हायचं होतं, आता एकतीस तारखेला घरी जाईल." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान हलवून खेद व्यक्त केला आणि पेनचं टोपण काढलं.

टोकनताईने त्याच्याकडे पाहिलं. तो खिशातल्या स्क्रूड्रायव्हरशी चाळा करत होता.

"कायम व्हायचं होतं...? तुम्ही बोलला का नाहीत मला?"

"तुमचा काय संबंध त्यात..." तो पुटपुटला.

चहाचे कपावर कप पाजून तिने या माणसाची नोकरी घालवली होती. घरी तो संध्याकाळी काय सांगणार होता? मांजरीने वायर ओढली?

"साहेब," ती म्हणाली, "मांजर नाही. मी."

"काय तुम्ही?"

"वायरी मी ओढल्या. चारही वेळा. मुद्दाम."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि समजूतदारपणे हसले. "ताई, मांजरीवर तुमचं प्रेम आहे, कळतं मला. तिला कोणी काही करणार नाही."

"मांजरीवर नाही हो!"

हॉल गप्प झाला. कुत्रीसुद्धा गप्प झाली. डॉक्टरीणबाई हातमोजे घातलेल्या हातांनी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पोपटवाल्या काकांनी पिंजऱ्यावरचं फडकं बाजूला केलं, म्हणजे पोपटालाही ऐकू यावं.

"मग कोणावर?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

ती स्टुलावर चढली, स्क्रीनमागे हात घातला, न बघता पहिल्या झटक्यात एचडीएमआय काढून दाखवली, लॅनची खिटी दाबून ती काढली, आवाजाची पिन काढली, आणि तिन्ही वायरी हातात धरून म्हणाली, "पटलं?"

"याने शिकवलं तुम्हाला?"

"नियमच आहे ना तुमचा? समजावून सांगायचा."

साहेबांनी लॅपटॉप उघडायला लावला. पेटीच्या पोटात नोंद राहते : कुठली वायर, कुठल्या दिवशी, किती वाजता निघाली. साहेब ओठ हलवत वाचू लागले. "अकरा तारीख, दुपारी दोन दहा. पंधरा तारीख, दोन आठ. एकोणीस तारीख, दोन बारा... रोज जेवणाच्या सुट्टीत?" त्यांनी मान वर केली. या वेळी तिच्याकडे नाही, त्याच्याकडे. "ही नोंद तू दर खेपेला उघडलीयस. तुला माहीत होतं?"

"...हो."

"कधीपासून?"

"पहिल्याच वेळेपासून. एचडीएमआय मी अशी बसवत नाही की आपोआप निघेल."

"मग 'ग्राहकाने काढली' असं लिहिलं का नाहीस? एकही तक्रार तुझ्या नावावर लागली नसती!"

"तसं लिहिलं की पुढच्या वेळी माणूस पाठवत नाहीत, साहेब," तो शेवटी म्हणाला. "फोनवरच सांगतात, ढकला म्हणून."

टोकनताई स्टुलावरच होती. उतरायचं तिला सुचलं नाही.

"म्हणजे तक्रार खोटी," साहेब बोटांवर मोजत म्हणाले, "दुरुस्तीही खोटी. मग तीन वेळा येऊन तू केलंस काय?"

"चहा प्यायलो, साहेब."

"छान असतो," पोपटवाल्या काकांनी साक्ष दिली.

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. पानं उलटली, मागे गेले, पुढे आले. "आता हिने कबुली दिली म्हणून मी लगेच तक्रारी काढून टाकू शकत नाही. असं ओळखीखातर कोणीही म्हणेल. पण इथे एक कलम आहे... बसवणारा आणि ग्राहक यांच्यात वैयक्तिक संबंध असल्यास त्या काळातल्या तक्रारी धरायच्या नाहीत. मात्र ती जागा त्याच्याकडून काढून दुसऱ्याला द्यायची." त्यांनी पेन टेकवलं. "तर, संबंध आहे की नाही?"

तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

"सोपा प्रश्न आहे. आहे किंवा नाही. दोन चौकोन आहेत."

"आम्ही..." तो म्हणाला, "म्हणजे मी अजून... विचारलेलं नाही, साहेब."

"मग विचार ना बाबा!" डॉक्टरीणबाई दारातून ओरडल्या. "आत बोक्याला भूल दिलीय मी. उतरली तर तुम्हीच धरा त्याला."

तो स्टुलापाशी आला. ती वर, तो खाली. हॉलमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळलेल्या.

"संबंध..." त्याने घसा साफ केला. "आहे का?"

"तुमच्याकडून आहे का ते आधी सांगा," ती म्हणाली. "मी चारदा चढले या स्टुलावर. थोडे कष्ट तुम्ही पण घ्या."

"माझ्याकडून आहे."

"किती?"

"नोकरी जाईल एवढा."

तिने हातातल्या तीन वायरींकडे बघितलं, मग साहेबांकडे. "आहे म्हणून लिहा."

"केव्हापासून? तारीख लागते. अकराच्या आधीची हवी, नाहीतर पहिली तक्रार धरावी लागेल."

"पाच," ती म्हणाली.

"दोन," तो त्याच वेळी म्हणाला.

साहेब वैतागले. "एकच लिहायची आहे. आपापसात ठरवा."

"दोन तारखेला तर तुम्ही स्क्रीन बसवत होतात," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे कामाच्या वेळेत?" साहेबांची भुवई चढली.

"जेवणाच्या सुट्टीत, साहेब."

साहेबांनी दोन तारीख लिहिली. दोघांच्या सह्या घेतल्या, साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाईंची घेतली, आणि हातमोज्याचा डाग फॉर्मवर पडला तो पुसला. नोंद लपवल्याबद्दल त्याला लेखी समज मिळेल, पण कागद एकतीसला मिळेल, असं ते म्हणाले. मग मोजपट्टी गुंडाळली आणि दारात येऊन बसलेल्या बाईसाहेबांना वळसा घालून गेले.

हॉलमध्ये पुन्हा भुंकणं सुरू झालं. तो स्टुलावर चढला, ती उतरली. त्याने तीनही वायरी जागच्या जागी बसवल्या, बटणाच्या दोन वायरीही हिरव्या कनेक्टरमध्ये आवळल्या. स्क्रीनवर नंबर आला. तो उतरून पिशवी भरू लागला. एकेक स्क्रूड्रायव्हर, जरा जास्तच सावकाश.

"आता इथे दुसरा माणूस येणार," तो म्हणाला.

"कशाला? काही बिघडणारच नाहीये."

"मला मात्र येता येणार नाही. जागा काढून घेतली माझ्याकडून. तक्रार केलीत तरी मला पाठवणार नाहीत."

"मी करणार पण नाही."

"मग..." त्याने पिशवीची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "मग मी यायचं तरी काय कारण सांगून?"

तिने लाल बटण दाबलं. कासववाले आजोबा उठले आणि हळूहळू आत निघाले. त्यांना दारापर्यंत पोचायला बराच वेळ होता.

"सहाला सुटते मी," ती म्हणाली. "काही कारण नसताना ये."